कुपीतले ऊन

आपल्या त्रैमासिकात कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, क्वचित एखाद्या गायकाच्या मैफलीवरही कोणी लिहिते. सुगंधी द्रव्याच्या एका कुपीचे परीक्षण मात्र या पानांवर आल्याचे मला आठवत नाही. संपादकांना मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अत्तरावर लिहा ना, आपल्याकडे परंपरा आहे.” परंपरा आहे हे खरेच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाने अंगाला कोणती उटी लावावी याची सविस्तर चर्चा आहे. परंतु मला लिहायचे होते ते वाळ्याच्या किंवा मोगऱ्याच्या अत्तरावर नव्हे, तर उन्हात अंग भाजू नये म्हणून पाश्चात्य लोक जे मलम किंवा तेल चोपडतात, त्याच्या वासावर बेतलेल्या एका विलायती परफ्यूमवर. संपादकांनी परवानगी दिली ती माझ्या वयाकडे पाहून असावी.

कुपी माझ्या हाती आली ती चैत्रात. अमेरिकेत न्यू जर्सीला असलेली माझी भाची दोन आठवड्यांसाठी इंदूरला आली होती. तिने जाताना ती माझ्या हातात ठेवली. नाव ‘ब्रॉन्झ गॉडेस’, निर्माते एस्टी लॉडर. २००८ च्या सुमारास हे द्रव्य या नावाने बाजारात आले, आणि पुष्कळ वर्षे ते केवळ उन्हाळ्यापुरतेच विक्रीला ठेवले जात असे. ऋतू सरला की माल संपला. ही कल्पना मला आवडली. आंबा वर्षभर मिळू लागला तर त्याची वाट कोण पाहील?

पहिला फवारा मनगटावर घेतला आणि स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला, “आई, खोबरेल सांडलं का हो?”

या एका प्रश्नात या लेखाचा सगळा विषय आला. ज्या समाजासाठी हे द्रव्य घडवले गेले, तेथे त्याचा पहिला हुंकार ऐकताच माणसाला समुद्रकिनारा, सुट्टी, वाळूवर पसरलेला टॉवेल आणि तारुण्य आठवते. आमच्या घरात त्याच हुंकाराने सांडलेली तेलाची बाटली आठवली. शब्द एकच, दोन भाषांत त्याचे दोन अर्थ. मग हे द्रव्य वाचायचे कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत ते लिहिले गेले तिच्यापासून सुरुवात करणे न्याय्य होईल. युरोपात गोरेपणा ही कित्येक शतके फुरसतीची खूण होती. शेतावर राबणारा रापलेला, वाड्यात राहणारा पांढराफटक. पुढे कामकरी वर्ग कारखान्यांच्या छपराखाली गेला, त्याचा चेहरा फिकट झाला, आणि ज्याला समुद्रावर जाऊन पडून राहण्याइतका पैसा आणि वेळ आहे त्याचाच वर्ण सोनेरी होऊ लागला. मोठ्या युद्धानंतरच्या दशकात रापणे ही फॅशन झाली. १९२७ मध्ये पॅरिसच्या झां पातू या वेशभूषाकाराने ‘विल द कॅल्डे’ नावाचे उन्हात लावायचे तेल काढले. त्याच्या वासाची एवढी चाहूल लागली की ‘कॅल्डे’ याच नावाचे परफ्यूमही निघाले. म्हणजे ज्याला आपण आजची नवलाई समजतो, उन्हाच्या तेलावर बेतलेले सुगंधी द्रव्य, ती शंभर वर्षांची होत आली आहे.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, अमेरिकेत उन्हापासून रक्षण करणारे जे पहिले मिश्रण विक्रीला आले, त्यात बेंझिल सॅलिसिलेट हे रसायन होते. ते सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेते. १९३५ मध्ये लॉरेआलचे संस्थापक यूजेन श्यूलेर यांनी फ्रान्समध्ये ‘आंब्र सोलेर’ आणले, त्यातही हेच रसायन होते. आणि १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या नव्या सरकारने कायदा करून कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे आगगाडीत बसून किनाऱ्यावर आली. त्या पहिल्या रजेच्या हवेत जो वास मिसळला होता, तो या तेलाचा होता. अमेरिकेत १९४४ मध्ये ‘कॉपरटोन’ आले. नावातच तांबूस वर्ण. आणि त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातींत लोकांना ‘फिक्या तोंडाचे राहू नका’ असे बजावलेले असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेंझिल सॅलिसिलेटला स्वतःचा वास फार थोडा. फुलांच्या पाठीमागे उभा राहणारा, किंचित गोडसर, धूसर वास. कित्येकांच्या नाकाला तर तो जाणवतच नाही. पण तो फुलांना पसरट करतो, रुंद करतो. इलांग-इलांग या फुलात तो निसर्गतःच असतो. (हे फूल आपल्या हिरव्या चाफ्याच्याच कुळातले. हिरवा चाफा पानाआड लपून जसा वास सोडतो, तसा हाही.) म्हणजे जे रसायन उन्हाला अडवण्यासाठी तेलात घातले गेले, त्यानेच त्या तेलाला त्याचा चेहरा दिला. उपयोगातून वास आला, वासाला आठवण चिकटली, आणि पुढे उपयोग गळून पडला तरी आठवणीसाठी वास मागितला जाऊ लागला. आजच्या सनस्क्रीनमध्ये किरण अडवणारी द्रव्ये बहुतांशी वेगळी असतात. तरी वासासाठी जुन्याच वळणावर जाणारे लोशन कितीतरी आहेत. आणि परफ्यूम तर ऊन अडवीतच नाही. उलट, लिंबूवर्गीय तेलांतल्या काही घटकांमुळे उन्हात त्वचेवर काळे डाग पडू शकतात. त्या घटकांवर आता निर्बंध आहेत, तरी सुगंधी द्रव्य लावून थेट उन्हात बसू नये हेच शहाणपणाचे. सनस्क्रीनचा वास लावून सावलीत बसायचे, असा हा विनोद आहे.

आता कुपीकडे. आरंभी लिंबूवर्गीय फळांची थोडी चमक, ती दहा मिनिटे टिकते. मग येते खोबरे आणि त्याबरोबर तिआरे. हे ताहिती बेटावरचे फूल म्हणजे आपल्या अनंताची सख्खी बहीण, एकाच प्रजातीतली. ताहितीत ही फुले खोबरेल तेलात भिजवून ‘मोनोई’ नावाचे तेल करतात. आमच्या घरी खोबरेलात माका, ब्राह्मी आणि जास्वंद घालून कढवीत, त्याचा हा पॅसिफिक महासागरातला भाऊबंद. त्यामागे जाई, आणि सर्वांत शेवटी व्हॅनिला, चंदन, थोडा वाळा. वाळा सापडला तेव्हा मला गर्दीत माहेरचे कोणी भेटावे तसे झाले. पण तो फार मागे उभा आहे, हात जोडून, बोलत नाही.

खोबऱ्याचा हा वास नारळातून आलेला नसतो. परफ्यूम करणारे त्यासाठी गॅमा-नोनालॅक्टोन वापरतात. व्यापारात त्याला फार जुन्या काळापासून ‘अल्डिहाइड सी-१८’ म्हणतात, जरी ते अल्डिहाइड नाही आणि त्यात अठरा कार्बनही नाहीत. खऱ्या खोबऱ्यात त्याच घराण्यातले पण निराळे लॅक्टोन असतात, आणि त्यांच्या जोडीला टरफलाचा, धुराचा, किंचित खवटपणाचा अंश असतो. माझे माहेर गोव्याचे. पावसाळ्याआधी अंगणात नारळाची भकले वाळत घातलेली मी लहानपणी पाहिली आहेत. पहिल्या दिवशी तो वास दुधासारखा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो जड होतो, त्याला धार येते. आणि मध्ये एखादे दिवशी आभाळ आले तर त्यात अशी काही कुबट छटा शिरते की आजी लगेच ओळखून हाका मारू लागे. ब्रॉन्झ गॉडेसमध्ये फक्त पहिला दिवस आहे. आभाळ येतच नाही.

हाच माझा या द्रव्यावरचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो मी मर्ढेकरांच्या परिभाषेत मांडीन. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. या कुपीत संवाद भरपूर आहे. खोबरे व्हॅनिलाशी बोलते, तिआरे जाईशी बोलते, सगळ्यांचे सगळ्यांशी पटते. विरोध मात्र नाही. समुद्रकिनाऱ्याची आठवण म्हणवणाऱ्या या रचनेत मीठ नाही, शेवाळ नाही, घाम नाही, ओले कापड नाही, भाजलेल्या त्वचेची आग नाही. विरोध नसल्यामुळे समतोल साधण्याचे कारणच उरत नाही. एखाद्या भावगीतात सगळ्याच ओळी सुंदर असाव्यात आणि म्हणूनच एकही लक्षात राहू नये, तसे काहीसे. शेवटचे दोन तास तर ते सरळ मिठाईच्या दुकानात जाऊन बसते. आमच्या मंडळाच्या मासिक सभेला मी ते लावून गेले, तर एक ज्येष्ठ सभासद सभोवार पाहून म्हणाले, “आज नारळाच्या वड्या आणल्यात वाटतं कोणी?” त्यांची निराशा झाली. सभेत फक्त चहा होता.

हेगेलने सौंदर्यशास्त्रात गंध, चव आणि स्पर्श यांना कलेच्या दाराबाहेर ठेवले. कला ही डोळे आणि कान यांच्याशीच संबंधित, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडच्या कित्येक मीमांसकांनाही ते मनातून मान्य असते. मला वाटते, गंधाबद्दलची ही नापसंती त्याच्या हीनपणामुळे नव्हे, त्याच्या बेशिस्तपणामुळे आहे. चित्र पाहताना मी माझ्या खाजगी आठवणी बाजूला ठेवू शकते. वास घेताना ते साधत नाही. त्यामुळे ज्याच्या आठवणीत आंब्र सोलेर नाही त्याला हे द्रव्य अर्धेच कळणार. पण हे साहित्यातही होतेच. वैशाखातले ऊन ज्याने पाठीवर घेतले नाही त्याला ऋतुसंहाराचा पहिला सर्ग पूर्ण कळतो का? कालिदासाने षड्ऋतूंची सुरुवात वसंतापासून न करता ग्रीष्मापासून केली. त्या ग्रीष्मात चंदन आहे, पण ते उन्हाचे स्मरण म्हणून नव्हे. उन्हापासून सुटका म्हणून. आपल्या उन्हाळी गंधांची सगळी परंपराच सुटकेची आहे. वाळा, चंदन, मोगरा, पहिल्या पावसाच्या मातीचे कनौजचे अत्तर: हे सारे थंड वास. ऊन साठवून अंगावर मिरवावे अशी इच्छा आपल्याकडे कोणाला झालीच नाही. ती व्हायला आधी ऊन दुर्मिळ असावे लागते.

म्हणून इंदूरच्या मे महिन्यात हे द्रव्य लावणे हा एक प्रयोगच होता. पारा बेचाळीसवर. कोरड्या हवेत लिंबाची चमक दारातून बाहेर पडेपर्यंत उडून गेली; खोबरे जणू तव्यावर पडल्यासारखे एकदम उसळले आणि तासाभरात थकले. दुपारी खोलीत खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारलेले. जुन्या घरातली ही एक सवय आम्ही कूलर आल्यावरही मोडलेली नाही. ओल्या ताटीतून येणारा वाळा आणि मनगटावरचे खोबरे यांची गाठ पडली तेव्हा मात्र काहीतरी चांगले घडले. जो विरोध कुपीत नव्हता तो खोलीने पुरवला. गोडाला मातीची कडवट बाजू मिळाली. ते अर्धा तास फार सुंदर होते, हे मला कबूल केले पाहिजे.

या जातीची आणखी दोन द्रव्ये तुलनेसाठी घ्यावीशी वाटतात. ख्रिस्तोफर ब्रोशियस या अमेरिकन गंधकाराने ‘अॅट द बीच १९६६’ नावाचे परफ्यूम केले. त्यात कॉपरटोनचा वास मध्यभागी आहे आणि त्याला उत्तर अटलांटिकच्या पाण्याच्या वासाची जोड दिलेली आहे. नावात सन घालणे ही साधी गोष्ट नव्हे. तो सांगतो की ही किनाऱ्याची जाहिरात नाही, एका माणसाच्या एका वर्षाची नोंद आहे. भावकविता आणि शुभेच्छापत्र यांत जो फरक, तो येथे आहे. दुसरे, २०२१ मध्ये निघालेल्या ‘व्हेकेशन’ नावाच्या कंपनीने एकाच वासाचे सनस्क्रीनही विकले आणि परफ्यूमही, तेही १९८० च्या दशकातल्या जाहिरातींची हसत हसत नक्कल करीत. तेथे आठवणीची थट्टा आणि आठवणीची विक्री एकाच वेळी चालते. ब्रॉन्झ गॉडेस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे: थट्टा करीत नाही, आणि कोणा एकाची आठवणही सांगत नाही.

पण तिचे नाव मात्र सांगते, आणि त्या नावापाशी मी अडले. ब्रॉन्झ गॉडेस म्हणजे कांस्यदेवता. आपल्याकडे कांस्याची देवी देव्हाऱ्यात चालते. तिला चंदन लावतात, नमस्कार करतात. त्याच वर्णाची मुलगी घरात जन्मली की मात्र वर्षानुवर्षे दूध-हळदीचे लेप सुरू होतात. सनस्क्रीन आपल्याकडे घरोघर पोहोचले तेही किनाऱ्यावर पडून राहण्यासाठी नव्हे, काळवंडू नये म्हणून. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले, आणि विवाहविषयक जाहिरातींतला ‘गोरी’ हा शब्द अजून पुरता गेलेला नाही. पाश्चात्य स्त्री पैसे मोजून दोन आठवडे ज्या रंगाची होते, त्या रंगासाठी माझ्या मावशीला तीन ठिकाणांहून नकार आला होता.

मावशी आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिने लग्न केले नाही. गोवामुक्तीनंतर मराठी प्राथमिक शाळेत तिने शिक्षिका म्हणून बत्तीस वर्षे काढली. जूनच्या आधी मी माहेरी गेले तेव्हा कुपी पिशवीत होती. समुद्र घरापासून फार दूर नाही. दमट हवेत या द्रव्याचे खोबरे इंदूरसारखे उसळत नाही. ते अंगाशी राहते, मऊ होते, आणि कोठून तरी हवेतले मीठ त्याला येऊन मिळते. हे द्रव्य जेथे लावायचे तेथे लावल्यावर बरेच बरे वाटते हे मला तेथे कळले, आणि वरचे माझे काही कठोर शब्द मी तेथे मनातल्या मनात मागे घेतले. मिठाईचा आक्षेप मात्र कायम आहे.

मावशीने मनगट नाकाशी नेले आणि बराच वेळ ठेवले.

“हा तर भकलांचा वास,” ती म्हणाली. “तुझ्या आईचा.”

मी म्हटले, “आणि तुझा नाही? एकाच अंगणातल्या ना तुम्ही दोघी?”

“छे गं. खोबरं राखायला उन्हात बसायची ती तुझी आई. हातात काठी घेऊन, कावळे हाकायला. ती गोरी होती ना, तिला चालायचं. मला आई म्हणायची, तू आत बैस, आणखी काळी होशील. मी आतून बघायची. वास यायचा, पण केसांना, कपड्यांना लागायचा नाही. रात्री तुझी आई शेजारी झोपली की तिच्या केसांचा यायचा.”

मी तिला नावाचा अर्थ सांगितला. ती हसली. “कांस्याची काय? आणि कोण विकत घेतात हे? गोऱ्या बायका?” मी हो म्हटले. तिने कुपी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, किंमत विचारली, आणि ती ऐकून मला व माझ्या भाचीला दोघींनाही वेड्यात काढले. मग म्हणाली, “थोडं दोन्ही हातांना लाव.”

पाच वाजून गेले होते. तिने ओसरीवरची खुर्ची अंगणात न्यायला सांगितली, जेथे अजून तिरपे ऊन होते. आता तेथे कोणी खोबरे वाळवीत नाही. बागेतले नारळ पाडेली पाडतो आणि ते तसेच विकले जातात. हात मांडीवर उताणे ठेवून ती उन्हात बसली. मी ओसरीवर तांदूळ निवडीत होते. वीसेक मिनिटांनी तिने हाक मारली; डोळ्यांवर ऊन सोसेना. मी खुर्ची आत घेतली. कुपीत निम्म्याहून थोडे अधिक शिल्लक होते, ती तिच्या खोलीतल्या फडताळात राहिली आहे, आणि भाचीचा फोन आला की मी तिला ती आवडली एवढेच सांगते.